हूज की हू'ज : दर वेळी तिथेच का चुकतं?

आमच्या इमारतीत मागच्या पावसाळ्यात लिफ्टशेजारी एक कागद चिकटवला होता. कोणीतरी आपली स्कूटर रोज लिफ्टच्या दारातच आडवी लावून जायचं, त्याला उद्देशून. मोठ्या अक्षरांत, मार्करने: “हू'ज टू-व्हीलर इज धिस? रिमूव्ह इमिजिएटली!” मी संध्याकाळी नोकरदार माणसांचे इंग्रजीचे वर्ग घेते. त्यामुळे दुकानाच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे माझी नजर अडखळते, तशी इथेही अडखळली. तो प्रश्न जसा लिहिला होता तसाच मराठीत वाचला तर होतो, “कोण आहे टू-व्हीलर आहे ही?”

लिहिणाऱ्याला विचारायचं होतं, “ही टू-व्हीलर कोणाची?”

पुढे जाण्याआधी एक सोय करून घेऊ. हे दोन शब्द उच्चाराला सारखे आणि देवनागरीत लिहिले तर दिसायलाही सारखे. म्हणून इथे नुसतं हूज लिहिलं की डब्ल्यू-एच-ओ-एस-ई समजा, म्हणजे कोणाचा, कोणाची, कोणाचं. आणि हू'ज असं मध्ये चिन्ह दिसलं की डब्ल्यू-एच-ओ, मग अपॉस्ट्रॉफी, मग एस. म्हणजे 'हू इज' किंवा 'हू हॅज' यांचं आखूड रूप. शेवटचा ज दोन्हीकडे 'जहाज'मधला, 'जीभ'मधला नाही.

आधी चूक कोणत्या जातीची ते बघा

वर्गात नवीन आलेलं माणूस सांगतं, “मॅडम, हूजमध्ये माझं नेहमीच चुकतं.” वही उघडली की कळतं, त्या एका तक्रारीत दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिल्या प्रकारात वाक्य बरोबर असतं, तोंडाने म्हटलं तर कोणी हरकत घेणार नाही, फक्त स्पेलिंग दुसऱ्या शब्दाचं पडलेलं असतं. लिफ्टजवळचा कागद या जातीचा. ही चूक काही आपली खास नाही. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही ती सर्रास करतात. ते हे शब्द आधी कानाने शिकतात, आणि कानाला फरक कळायचा मार्गच नाही. परदेशात वाढलेली आपली भाचरंडं बघा: घडाघडा बोलतात, आणि लिहायला बसली की इथे घसरतात.

दुसऱ्या प्रकारात स्पेलिंग बरोबर असतं, वाक्याची बांधणी मराठी असते. “धिस बॅग इज हूज?” किंवा “आय डोन्ट नो हूज बॅग इज धिस.” ही चूक इंग्रज सहसा करत नाही. ती आपण करतो, कारण डोक्यात 'ही बॅग कोणाची आहे' हे वाक्य आधीच तयार असतं आणि आपण फक्त शब्द बदलतो.

तुमची चूक कोणती हे ओळखायचं तर अलीकडे पाठवलेले चार-पाच मेसेज किंवा मेल काढा आणि मोठ्याने वाचा. ऐकायला ठीक वाटतात पण बघायला चुकलेत, तर पहिली. ऐकतानाच कुठेतरी खडा लागतो, तर दुसरी. दोन्ही निघाल्या तर घाबरू नका, बहुतेकांच्या दोन्हीच निघतात.

कोऽहम् आणि कस्य

स्पेलिंगच्या चुकीवर पुस्तकात नियम असतो: हूज म्हणजे मालकी, हू'ज म्हणजे हू इज. सगळ्यांना तो पाठ असतो आणि तरीही चुकतं. अडचण अशी की अपॉस्ट्रॉफीचा संबंध आपण शाळेपासून मालकीशी जोडलेला असतो. राम'स बुक, टीचर'स टेबल. मालकी दाखवायची तर वर स्वल्पविराम टांगायचा, हे हाताला इतकं बसलेलं असतं की 'कोणाचं' लिहितानाही हात आपोआप तो टांगतो. म्हणजे ही चूक आळसाची नाही. एक नियम नीट शिकलेल्या माणसाने तो भलत्या जागी लावलाय.

मला यावर सापडलेली सगळ्यात पक्की खूण संस्कृतातली आहे, आणि ज्यांनी आठवी ते दहावी संस्कृत घेतलं होतं त्यांना ती एका मिनिटात पटते. 'कोऽहम्' आठवा. जन्मलेलं मूल 'कोहं, कोहं' करत रडतं असं आजी सांगायची, तेच. कः अधिक अहम्: कोण, मी. संधी होताना अहम् मधला अ गळतो आणि तो गळला याची खूण म्हणून तिथे अवग्रह येतो. इंग्रजीतलं हू'ज हुबेहूब असंच बनलंय. हू अधिक इज; इज मधला आय गळला, त्याच्या जागी खूण आली. आपला अवग्रह ओळीत बसतो, त्यांचा वर टांगलेला असतो, इतकाच फरक.

आता 'कोणाचं'ला संस्कृतात काय? कस्य. कः कौ के करत खाली उतरलात की षष्ठीला कस्य कयोः केषाम्. कस्य मध्ये अवग्रह कधी पाहिलाय? नाही, कारण तिथे काही गळलेलंच नाही. तो एक अखंड शब्द आहे. हूजही तसाच अखंड शब्द आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो 'ह्वॅस' होता आणि तेव्हाही तो 'कोण'चं षष्ठीचं रूपच होता.

हे साम्य मी ओढूनताणून आणलेलं नाही. कः आणि हू हे खरोखरच चुलत भाऊ आहेत. मूळ घराण्यातल्या क-सारख्या आवाजाचा जर्मन कुळातल्या भाषांत ह-सारखा आवाज झाला, आणि असे बदल नियमाने होतात हे याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलं. कः, कोण, कौन एकीकडे. हू, हूज, व्हॉट दुसरीकडे. म्हणून कोऽहम् शेजारी हू'ज आणि कस्य शेजारी हूज अशा दोन जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझ्या वर्गात एक सिस्टर आहेत, रात्रपाळी करून येतात. त्या परीक्षेत पेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आधी बारीक 'को ऽ' काढतात आणि मग रिकाम्या जागा भरायला घेतात. त्यांचं हे चुकलेलं मी गेल्या सहा महिन्यांत पाहिलेलं नाही.

मग राम'स मध्ये ते चिन्ह का? एवढं विचारणारे विद्यार्थी मला आवडतात. जुन्या इंग्रजीत पुष्कळशा नामांना मालकी दाखवायला ई-एस लागायचं. पुढे त्यातला ई उच्चारातून गेला. अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत आली ती 16 व्या शतकात, काहीतरी गळल्याची खूण म्हणून, आणि मग हळूहळू नामांच्या मालकीला कायमची चिकटली. सर्वनामांची रूपं स्वतंत्र होती, ती तशीच राहिली: हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, इट्स, आणि हूज. इट्सच्या बाबतीत तर इंग्रजांचीच बराच काळ गडबड होती. जुन्या छापील पुस्तकांत मालकीचं इट्स चिन्ह देऊन लिहिलेलं सापडतं. तेव्हा तुमचं चुकलं तर फार मनाला लावून घेऊ नका.

या यादीतलं हिज मात्र कामाला येतं. हिज मध्ये अपॉस्ट्रॉफी घालून लिहिलेलं मी आजवर एकाही वहीत पाहिलेलं नाही, पहिलीतल्या मुलाच्याही नाही. हूज हा हिजचा सख्खा भाऊ. एक प्रश्नाला, एक उत्तराला.

उत्तर बघून प्रश्न लिहा

इथून माझी नेहमीची कसोटी निघते. प्रश्न लिहिताना क्षणभर थांबा आणि त्याचं इंग्रजीतलं उत्तर मनात म्हणा. उत्तर 'माइन', 'हिज', 'हर्स', 'राम'स' असं येत असेल तर प्रश्नात हूज. उत्तर 'ही इज', 'शी हॅज', 'आय ॲम' असं येत असेल तर हू'ज.

“हूज अम्ब्रेला इज धिस?” “माइन.”
“हू'ज कमिंग टुमॉरो?” “आय ॲम.”
“हू'ज टेकन माय पेन?” “शी हॅज.”

तिसऱ्या वाक्याकडे जरा बघा. पुष्कळ जण हू'ज म्हणजे फक्त हू इज असं धरून बसतात, मग “हू इज टेकन माय पेन” हे काही बरोबर वाटेना म्हणून चिन्ह काढून टाकतात आणि बरोबर वाक्य चुकवतात. इथे हू'ज म्हणजे हू हॅज. “हू'ज गॉट द कीज?” हेही तसंच, किल्ल्या कोणाकडे आहेत.

मात्र हॅज जिथे एकटंच मुख्य क्रियापद असतं तिथे ते आखडत नाही. “कोणाकडे पेन आहे?” याला “हू हॅज अ पेन?” असं पूर्णच म्हणायचं. “हू'ज अ पेन?” म्हटलंत तर 'पेन कोण आहे' असा प्रश्न होईल आणि वर्गात एखादा हात वर करेल. आमच्याकडे केला होता.

मराठी जिथे पाय ओढते

आता एक उपाय सांगते जो मी स्वतः बरीच वर्षं शिकवला आणि नंतर सोडून दिला. उपाय असा: मराठी वाक्यात 'कोण'ला चा-ची-चे-च्या लागलं की हूज, नाही लागलं की हू'ज. सोपा, सुटसुटीत, आणि दहातल्या सात वेळा बरोबर. उरलेल्या तीन वेळा तो असा तोंडावर पाडतो की बाकीच्या सातांवरचाही विश्वास उडावा.

माझ्या लक्षात आलं ते एका सरकारी खात्यातल्या कारकुनामुळे. त्यांनी मेलमध्ये लिहिलं होतं, “हूज ट्रान्सफर इज डन?” विचारायचं होतं, “कोणाची बदली झाली?” मराठीत 'कोणाची' आहे, म्हणून माझ्याच नियमाने त्यांनी हूज वापरलं. मीच शिकवलेलं, काय बोलणार? इंग्रजीत सरळ वाक्य आहे “हू'ज बीन ट्रान्सफर्ड?” म्हणजे हू हॅज बीन. चिन्हवालंच.

मराठीची इथे एक खास सवय आहे. आपण 'मी जेवलो' म्हणतो तसं 'माझं जेवण झालं'ही म्हणतो. त्याची बदली झाली, तिचं लग्न झालं, माझं काम झालं, बाबांची आंघोळ व्हायचीय. षष्ठी आहे, पण जेवणावर किंवा आंघोळीवर कोणी मालकी सांगत नाहीये. कोणी केलं किंवा कोणाच्या बाबतीत घडलं एवढंच सांगायचंय. इंग्रजी अशा ठिकाणी माणसालाच कर्ता करते. म्हणून “कोणाचं जेवण राहिलंय?” हे “हू हॅजन्ट ईटन येट?” होतं. “तुमच्यापैकी कोणाचं लग्न झालंय?” हे “हू'ज मॅरिड?” होतं. पण “आज कोणाचं लग्न आहे?” हे मात्र “हूज वेडिंग इज इट टुडे?” असं होऊ शकतं, कारण तिथे लग्न हा एक समारंभ आहे आणि तो खरंच कोणाचातरी आहे. किती बारीक धागा आहे बघा.

फोन वाजतो आणि घरातून आवाज येतो, “कोणाचा फोन आहे?” मराठीत या प्रश्नाचे दोन अर्थ आहेत आणि आपल्याला कधी अडत नाही. टेबलावर चार मोबाइल पडलेत आणि त्यातला एक वाजतोय, तर “हूज फोन इज इट?” आई फोन कानाला लावून बसली आहे आणि तिकडून कोण बोलतंय ते हवंय, तर “हू'ज इट?” नाही, “हू इज इट?” असं पूर्ण, किंवा “हू'ज कॉलिंग?” मामाचा फोन आलाय हे सांगायला “इट्स मामा'ज फोन” म्हटलंत तर ऐकणारा मामाचं उपकरण शोधत बसेल.

“हे पुस्तक कोणाचं?” यातही तीच गंमत. पुस्तकाचा मालक हवा असेल तर हूज. लेखक हवा असेल तर “हू'ज इट बाय?” किंवा “हू रोट इट?”

आणि “कशाची भाजी केलीय?” याला हूज लावून विचारणारेही भेटलेत मला. चा-ची-चे दिसलं की हूज, असं केलं की हे होणारच. कशाचा, कुठला, कितीचा यांचा हूजशी काही संबंध नाही. भाजीला सरळ “व्हॉट व्हेजिटेबल इज इट?” म्हणा.

उलट दिशेचा सापळा 'कोणाकडे' आणि 'कोणाला' यांचा. “कोणाला ताप आहे?” यात 'कोणा' ऐकू येतं आणि हात हूजकडे वळतो. “हू'ज गॉट अ फीवर?” किंवा साधं “हू हॅज अ फीवर?”

म्हणून आता मी चा-चीची कसोटी शिकवत नाही. उत्तराची कसोटी शिकवते, आणि उत्तर इंग्रजीतच म्हणायला लावते. मराठीत “कोणाची बदली झाली?” याचं उत्तर “माझी” असंच येणार आणि पुन्हा फसगत होणार.

बांधणीची चूक

दुसऱ्या आजाराकडे येऊ. हूजच्या बाबतीत इंग्रजीला एकच हट्ट आहे: वस्तूचं नाव घ्यायचं असेल तर ते हूजला चिकटून घ्या आणि दोघांना मिळून वाक्याच्या तोंडाशी ठेवा. हूज बॅग, हूज डबा, हूज आयडिया. मध्ये द, अ, धिस काही शिरकवू नका. “हूज द बॅग इज धिस?” हे चूक.

“हूज इज धिस बॅग?” असंही म्हणता येतं आणि ते बरोबर आहे, तिथे हूज एकटा उभा आहे आणि बॅग मागून आली आहे. वर्गात हे दोन्ही प्रकार एकाच दिवशी सांगितले की सरमिसळ होते, म्हणून पहिला महिना फक्त पहिला प्रकार वापरा.

कोणाचा डबा, कोणाची वही, कोणाचं दप्तर, कोणाच्या चपला, कोणाचे पैसे: मराठीत दर वेळी रूप बदलतं, इंग्रजीत हूज ढिम्म हलत नाही. या सुखात एक गोष्ट विसरायला होते ती म्हणजे मागचं क्रियापद. चपला अनेक असतील तर “हूज चप्पल्स आर धीज?” हूज बदलला नाही म्हणून 'इज धिस' तसंच ठेवू नका.

आणि मग मेलमध्ये हमखास दिसणारी चूक: प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याचा प्रश्नपणा जातो. “ही बॅग कोणाची आहे मला माहीत नाही.” मराठीत आतला प्रश्न जसाच्या तसा राहतो, आपण कुठेच काही फिरवत नाही. इंग्रजीत बाहेर असताना “हूज बॅग इज धिस?” आणि आत गेल्यावर “आय डोन्ट नो हूज बॅग धिस इज.” इज शेवटी जातं. जिथे हूजला चिकटलेली वस्तूच कर्ता असते तिथे काही फिरवायचं नसतं. “कोणाची मंजुरी लागेल ते कळवा” हे “प्लीज लेट मी नो हूज अप्रूव्हल इज रिक्वायर्ड.” ऑफिसात हे वाक्य रोज लागतं, पाठच करून टाका. त्याच्याशेजारी “हू'ज अप्रूव्ह्ड इट?” ठेवून बघा. एकात मंजुरी ही वस्तू आहे, दुसऱ्यात मंजूर करणारा माणूस.

ज्याचा, ज्याची

हूज फक्त प्रश्न विचारत नाही, 'ज्याचा-ज्याची'चं कामही तोच करतो. “ज्या मुलाची सायकल चोरीला गेली तो इथेच राहतो.” “द बॉय हूज सायकल वॉज स्टोलन लिव्ह्ज हिअर.” इथे आपली नेहमीची चूक म्हणजे हू लिहायचं आणि मग मालकी राहिली असं वाटून हिज घालायचं: “द बॉय हू हिज सायकल...” हू आणि हिज शेजारी आले की समजा, तिथे हूज हवा होता.

चिन्हवालाही इथे येतो. “द वुमन हूज सन इज इन अमेरिका” म्हणजे जिचा मुलगा अमेरिकेत आहे ती. “द वुमन हू'ज इन अमेरिका” म्हणजे जी स्वतःच अमेरिकेत आहे ती. लग्नाच्या स्थळांच्या मेसेजमध्ये हे चुकलं तर पत्रिका भलत्याच पत्त्यावर जाईल.

कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं की निर्जीव वस्तूला हूज चालत नाही. चालतं. “ज्या वाड्याचं छप्पर उडालं” याला “द वाडा हूज रूफ ब्ल्यू ऑफ” हे नीट इंग्रजी आहे, 'द रूफ ऑफ व्हिच' असलं अवघडलेलं काही लिहायची गरज नाही. पुन्हा कस्य आठवा: कः चंही कस्य आणि किम् चंही कस्य, माणूस असो वा वस्तू. जुन्या इंग्रजीतला ह्वॅसही असाच 'कोण' आणि 'काय' दोघांचा होता. प्रश्न विचारताना मात्र हूज माणसांबद्दलच येतो. “हूज रूफ?” विचारलं तर उत्तरात माणूस हवा, वाडा नाही.

एक अपवाद सांगून ठेवते, नाहीतर तो तुम्हाला एखाद्या छापील पानावर भेटेल आणि सगळं मुसळ केरात जाईल. 'दुसऱ्या कोणाचं' याला 'हू एल्स'ज' असं लिहितात आणि तिथे चिन्ह येतं, कारण मालकीचा प्रत्यय तिथे हूला नाही, एल्सला लागलाय. समवन'स, एनीबडी'ज, नोबडी'ज यांनाही चिन्ह आहेच. कोणाचंतरी, कोणाचंही, कोणाचंच नाही. सर्वनाम असूनही ती नामासारखी वागतात.

सगळं कळूनही चुकत असेल तर

तर दोष फोनचा असू शकतो. एकदा मीच वर्गाच्या ग्रुपवर घाईत टाकलं, “हू'ज टर्न इज इट टुमॉरो?” मी टाइप केलं होतं बरोबर, कीबोर्डने मधल्या मध्ये बदललं आणि मी न बघता पाठवलं. दोन मिनिटांत एका विद्यार्थ्याने माझ्याच मेसेजचा फोटो लाल गोल काढून परत पाठवला. खाली लिहिलं होतं, “मॅडम, कस्य?” त्या दिवसापासून मी तो शब्द पाठवण्याआधी पुन्हा वाचते. बोलून टाइप करत असाल तर अजूनच सांभाळा. फोनलाही ते दोन शब्द सारखेच ऐकू येतात, मागच्या-पुढच्या शब्दांवरून तो अंदाज करतो आणि कधी कधी चुकतो. साधा स्पेलिंग तपासणारा तर इथे काहीच बोलत नाही, कारण दोन्ही शब्द कोशातले आहेत.

मोठा मजकूर तपासायचा तर डब्ल्यू-एच-ओ एवढीच अक्षरं शोधायला टाका आणि सापडलेलं प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी बघा. चिन्हासकट शोधलंत तर सरळ आणि वळलेलं अशा दोन प्रकारच्या चिन्हांमुळे काही जागा निसटू शकतात.

ऑफिसच्या कामासाठी एक उपाय बाकी सगळ्यांपेक्षा स्वस्त आहे. अर्ज, पत्र, अहवाल यांत हू'ज लिहूच नका. औपचारिक लेखनात आखूड रूपं तशीही टाळतात. जिथे हू इज म्हणायचंय तिथे हू इज, जिथे हू हॅज तिथे हू हॅज, पूर्ण लिहा. मग त्या कागदावर उरलेला प्रत्येक हूज एस-ई वालाच असला पाहिजे, आणि चिन्ह दिसलं की ते चूक. विचार करायचंच काम उरत नाही.

बोलण्याची सवय लावायला आम्ही पावसाळ्यात छत्र्या वापरतो. दाराशी वीस-बावीस छत्र्यांचा ढीग पडलेला असतो, निम्म्याअधिक काळ्या. मी एक उचलते आणि विचारते, “हूज अम्ब्रेला इज धिस?” उत्तर एका शब्दात. माइन, हर्स, हिज. मग लगेच छत्री खाली ठेवून “हू'ज ॲब्सेंट टुडे?” आणि उत्तर “ही इज”. पुन्हा छत्री. मग प्रत्येक प्रश्न फळ्यावर लिहायला येतो एकेक जण. तिसऱ्या फेरीपर्यंत हात अडखळत नाही. घरी करायचं तर छत्र्यांऐवजी चपला चालतील.

लिफ्टजवळच्या त्या कागदावर मी एके दिवशी जाता जाता पेनने चिन्ह खोडलं आणि मागे ई जोडला. संध्याकाळी परत आले तेव्हा स्कूटर हललेली होती, आणि प्रश्नाच्या खाली कोणीतरी निळ्या बॉलपेनने बारीक अक्षरात लिहिलं होतं, “माइन. सॉरी.”